सप्लिमेंटमधलं यीस्ट: एकाच नावाखाली नेमकं काय काय विकलं जातं?

सावनी_र

दूध, अंडी, मांस सोडून बराच काळ झाला. सप्लिमेंट घ्यावी लागणार हे मला मान्य आहे, त्यामुळे "घ्यावीत की नाही" हा वाद कृपया या धाग्यावर नको. माझा प्रश्न वेगळा आहे.

घरात आत्ता तीन वस्तू आहेत आणि तिन्हींच्या घटकांत यीस्ट आहे. न्यूट्रिशनल यीस्टच्या पिवळ्या फ्लेक्सचा डबा, सेलेनियम यीस्टच्या गोळ्या, आणि बाबांना कुणीतरी दिलेली ब्रूअर्स यीस्टच्या गोळ्यांची बाटली. हे सगळं एकच आहे का? फ्लेक्समधून बी-१२ मिळतं असं जो तो सांगतो, पण ते यीस्टमध्ये मुळातच असतं की वरून घातलेलं असतं? आणि बाबांचं युरिक अॅसिड वाढलेलं आहे, त्यांनी या गोळ्या घ्याव्यात का?

जाहिराती वाचून माझा गोंधळ वाढलाच आहे. या क्षेत्रातलं कुणी असेल तर जरूर लिहा.

खोडकर_खार

तीन वस्तू, तिन्हींत यीस्ट. हा धागा फुगणार बघा. :)

अण्णा_लिहितात

सावनी, निर्धास्त घे. यीस्टच्या गोळ्या आमच्या लहानपणापासून डॉक्टर देत आले आहेत. तोंड आलं, भूक लागत नाही, अशक्तपणा आहे, की लगेच यीस्टच्या गोळ्या. कडवट लागायच्या, पण गुण यायचा. आता त्याच गोष्टीला नवं नाव आणि चकचकीत डबा मिळाला, एवढाच फरक.

वाफारा

अण्णा, फरक बराच आहे. फर्मेंटेशनच्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रेडचं, बिअरचं आणि न्यूट्रिशनल यीस्ट यांची प्रजाती बहुतेक वेळा एकच असते, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पण ब्रूअर्स यीस्ट हे मूळचं बिअरचं उपउत्पादन. आंबवण्याचं काम झालं की तळाशी राहिलेलं यीस्ट काढून घेतात. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा त्याच्या अंगात मुरलेला असतो, अण्णांना आठवतो तो हाच. काही उत्पादक ते धुऊन कडवटपणा काढतात.

न्यूट्रिशनल यीस्ट मुद्दाम खाण्यासाठी वाढवलेलं असतं. प्रयोगशाळेतल्या नळीतल्या शुद्ध कल्चरपासून सुरुवात होते. त्यातून एक फ्लास्क, मग छोटी टाकी, मग मोठी, असं करत शेवटच्या अवाढव्य फर्मेंटरपर्यंत जातात. खाद्य म्हणजे मळी, उसाची किंवा बीटची. यातली मेख अशी की मळी एकदम ओतायची नाही. साखर जास्त झाली की भरपूर हवा असूनही यीस्ट अल्कोहोल बनवायला लागतं, आणि आपल्याला तर पेशी हव्या असतात. म्हणून मळी हळूहळू, मोजून सोडायची, खालून हवेचा मारा चालू ठेवायचा आणि तापमान ३० अंशांच्या आसपास राखायचं. पेशींची वाढ झाली की सेपरेटरमधून फिरवून घट्ट, मलईसारखा द्रव काढतात. आम्ही त्याला क्रीमच म्हणतो. ते धुवायचं, तापवून पेशी मारायच्या आणि वाळवायचं.

फ्लेक्स कसे होतात ते बघण्यासारखं आहे. आतून वाफेने तापवलेला लोखंडी रूळ संथ फिरत असतो. त्यावर क्रीमचा पातळ थर बसतो, एक फेरा पुरा व्हायच्या आत वाळतो, आणि रुळाला टेकलेलं लांब पातं तो थर सलग खरवडून काढतं. पात्याखालून पिवळसर, पारदर्शक पडदा लोंबत येतो आणि स्वतःच्याच वजनाने तुटतो. तेच तुकडे डब्यात जातात. शेडमध्ये भाजल्याचा, काहीसा चीजसारखा वास भरून राहिलेला असतो.

आता बी-१२. ते वरूनच घालतात. रूळावर जाण्याआधी क्रीममध्ये जीवनसत्त्वांचं मिश्रण मिसळतात. यीस्ट स्वतः बी-१२ बनवू शकत नाही, एक मायक्रोग्रॅमसुद्धा नाही.

सावनी_र

वाफारा, मनापासून आभार. म्हणजे बी-१२ न घातलेलं न्यूट्रिशनल यीस्टही विकलं जातं?

वाफारा

हो, सर्रास. डब्यावर 'अनफोर्टिफाइड' असं लिहिलेलं असतं, किंवा काहीच लिहिलेलं नसतं. घटकांच्या यादीत 'सायनोकोबालामिन' (बी-१२चं एक रासायनिक रूप) हा शब्द शोधा. तो नसेल तर त्या डब्यात बी-१२ नाही असंच धरून चाला.

मनमंजिरी

वाफारांच्या शेवटच्या वाक्याला दोनदा अधोरेखित करते. मी डॉक्टर आहे, आणि या एका गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते.

बी-१२ निसर्गात फक्त जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच एकपेशीय सूक्ष्मजीव) बनवतात. वनस्पती, प्राणी आणि बुरशी यांपैकी कुणीच बनवत नाही, आणि यीस्ट ही बुरशीच. पण यीस्टमध्ये फोलेट (बी-गटातलंच आणखी एक जीवनसत्त्व) मात्र भरपूर असतं. धोका इथेच आहे. बी-१२ कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी मोठ्या होतात, हिमोग्लोबिन उतरतं आणि आपण जागे होतो. फोलेट भरपूर असेल तर रक्ताचं चित्र बऱ्याच अंशी सुधारतं, पण मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालूच राहते. पायाला मुंग्या येणं, तोल जाणं, विसरभोळेपणा. अहवाल "नॉर्मल" आणि माणूस मात्र खचत चाललेला. बराच उशीर झाला तर ही हानी पूर्ण भरून येत नाही.

म्हणून वीगन मंडळींनी नुसत्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीवर, समाधान मानू नये. रक्तातलं बी-१२ मोजून घ्यावं, आणि शंका असेल तर मिथाइलमॅलोनिक अॅसिड किंवा होमोसिस्टीन तपासावं; बी-१२ कमी पडलं की रक्तात ही दोन्ही वाढतात.

जुनं_दप्तर

मंजिरीताईंनी फोलेटचा विषय काढला आणि मला राहवेना. यीस्ट आणि फोलेट यांच्या नात्याचा शोध मुंबईत लागला आहे!

ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर १९२८मध्ये मुंबईला आल्या. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात फार मोठ्या प्रमाणात एक प्रकारचा रक्तक्षय होत होता, तांबड्या पेशी मोठ्या झालेला. विल्सनी हाफकिन इन्स्टिट्यूटमधून त्याचा माग काढला. आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली, मग आहाराकडे वळल्या. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या प्राण्यांना यीस्ट एक्स्ट्रॅक्ट दिल्यावर ते सुधारतात हे त्यांना दिसलं. वापरलेलं एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मार्माइट, ब्रूअर्स यीस्टपासून बनवलेलं, अगदी स्वस्त. मग ते रुग्ण स्त्रियांना दिलं आणि त्या बऱ्या झाल्या. १९३१मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं. त्या एक्स्ट्रॅक्टमध्ये नेमकं काय आहे ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून 'विल्स फॅक्टर' असं नाव पडलं. १९४१मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक अॅसिड वेगळं केलं गेलं आणि विल्स फॅक्टर म्हणजे फोलेट हे पुढे उलगडलं. आज प्रत्येक गरोदर बाईला फॉलिक अॅसिडची गोळी देतात, त्याचं मूळ इथे आहे. या बाईंचं नाव आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं असं मला फार वाटतं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. तिथे दक्षिणेकडच्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग होता. कातडी सोलायची, जुलाब व्हायचे, बुद्धिभ्रम व्हायचा. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो संसर्गाने नाही तर निकस आहाराने होतो हे दाखवलं आणि ब्रूअर्स यीस्ट हा त्यावर सोपा उपाय ठरवला. १९२७च्या मिसिसिपी पुरात रेड क्रॉसमार्फत पूरग्रस्तांना यीस्ट वाटलं गेलं. त्यातला गुणकारी घटक नायासिन (जीवनसत्त्व बी-३) असल्याचं १९३७मध्ये समजलं.

तेव्हा अण्णांचे डॉक्टर उगाच यीस्ट देत नव्हते.

अण्णा_लिहितात

घ्या! दप्तरा, शाबास. मी तेच म्हणत होतो.

तर्ककर्कश

अण्णा, इतिहास सुरेख आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष तुमच्या उलट आहे. त्या बायकांना आणि पूरग्रस्तांना बी-गटातल्या जीवनसत्त्वांची गंभीर कमतरता होती आणि वेगळी केलेली जीवनसत्त्वं तेव्हा उपलब्धच नव्हती. यीस्ट हा त्यांचा सर्वांत स्वस्त साठा होता. आज ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला त्याच गोळीने "ताकद" कशी येणार? कमतरता भरून काढणं वेगळं आणि पुरेसं असताना आणखी घालणं वेगळं.

अण्णा_लिहितात

तोंड आलं की बरं वाटायचं, हे मी स्वतः अनुभवलंय. रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी-२) कमी पडलं तर तोंड येतं हे तुम्हालाही मान्य असेल. आमच्या पिढीत पुरेसं कुणाला होतं? मी माझ्या जागी ठाम आहे.

तर्ककर्कश

तेवढ्यापुरतं शंभर टक्के मान्य.

किशमिश

रायबोफ्लेविनवरून आठवलं. फ्लेक्स खायला लागल्यापासून लघवी पिवळीधमक होते. घाबरायचं कारण आहे का?

खलबत्ता

किशमिश, अजिबात नाही. फार्मसिस्ट आहे, हा प्रश्न रोज ऐकतो. रायबोफ्लेविन मुळातच पिवळं असतं, शरीराला नको असलेलं मूत्रपिंड बाहेर टाकतं. फ्लेक्सचा भडक पिवळा रंगही बराचसा त्याचाच. आणि ते उजेडात झपाट्याने नष्ट होतं, म्हणून डबा अपारदर्शक असावा. काचेच्या बरणीत भरून खिडकीशी ठेवलं तर रंगही उतरेल आणि जीवनसत्त्वही जाईल.

आता सावनीच्या दुसऱ्या वस्तूकडे येतो, सेलेनियम यीस्ट. हे फ्लेक्सपेक्षा पूर्ण वेगळं प्रकरण आहे आणि चमचा-चमचा खायची गोष्ट नाही. वाफारा, तुम्ही बनवलंय का कधी?

वाफारा

बनवलंय. वाढीच्या काळात खाद्याबरोबर सेलेनियमचा क्षार थोडा थोडा सोडतात. सेलेनियम रासायनिकदृष्ट्या गंधकाचं भावंड, त्यामुळे यीस्ट फसतं आणि मेथिओनिन या अमिनो आम्लात गंधकाच्या जागी सेलेनियम बसवतं. तयार होतं ते सेलेनोमेथिओनिन, आणि ते पेशीच्या प्रथिनांत गुंफलं जातं. नंतर पेशी नीट धुणं हे सगळ्यांत महत्त्वाचं काम. न शोषलेला क्षार चिकटून राहिला तर ते "यीस्टमधलं" सेलेनियम राहत नाही, यीस्टमध्ये मिसळलेला क्षार होतो. आम्ही त्या धुण्याच्या पाण्याची तपासणी डोळ्यांत तेल घालून करायचो. युरोपच्या नियमांत यासाठी अट आहे: सेलेनोमेथिओनिनचा वाटा ६० ते ८५ टक्के हवा आणि असेंद्रिय सेलेनियम साधारण १ टक्क्याच्या वर नको.

खलबत्ता

धन्यवाद. म्हणून मी सांगतो, लेबलवर "सेलेनियम यीस्ट" एवढंच असेल तर ते अपुरं आहे. एका गोळीत सेलेनियम किती मायक्रोग्रॅम, हे लिहिलेलंच हवं. मोठ्या माणसाची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. अमेरिकेत वरची मर्यादा ४०० आहे, युरोपात २०२३मध्ये ती २५५वर आणली. बाजारातल्या बऱ्याच गोळ्या २००च्या असतात, आणि आहारातून मिळतं ते वेगळंच. मल्टिव्हिटॅमिनमध्येही सेलेनियम असेल तर बेरीज करा. जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होऊन तुटतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. अमेरिकेत २००८ साली एका द्रवरूप सप्लिमेंटमध्ये लेबलवरच्या २०० पट सेलेनियम निघालं आणि २०१ लोकांना बाधा झाली. त्यात यीस्ट नव्हतं, पण मात्रा चुकली तर काय होतं ते त्यावरून कळतं.

पाऊलखुणा

पण सेलेनियम यीस्टने कॅन्सर टळतो ना? मी तर त्यासाठीच घेतो.

मनमंजिरी

पाऊलखुणा, ही आशा कुठून आली ते सांगते. अमेरिकेत १३१२ लोकांवर एक चाचणी झाली, रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, तेही यीस्टच्या रूपात. १९९६मध्ये तिचे निष्कर्ष आले. चाचणी त्वचेच्या कॅन्सरसाठी होती आणि त्यावर काहीच परिणाम दिसला नाही. पण प्रोस्टेटसारखे इतर कॅन्सर कमी दिसले. सगळीकडे उत्साह पसरला. ते तपासून बघायला मग ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर 'सिलेक्ट' नावाची मोठी चाचणी घेतली, शुद्ध सेलेनोमेथिओनिन देऊन. फायदा होत नाही असं दिसल्यामुळे २००८मध्ये गोळ्या थांबवल्या.

"दुसऱ्या चाचणीत यीस्ट नव्हतं म्हणून जमलं नाही" असं काही विक्रेते सांगतात. मला तो युक्तिवाद पटत नाही. कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून मी माझ्या एकाही रुग्णाला सेलेनियम सुचवत नाही. तुम्ही मात्र घाबरून जाऊ नका. तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि एकूण मात्रा किती होते ती आधी मोजा.

निळावंती

एक बाळबोध प्रश्न. मला वारंवार यीस्ट इन्फेक्शन होतं. मग यीस्ट खाणं म्हणजे आगीत तेल ना?

मनमंजिरी

निळावंती, प्रश्न बाळबोध नाही, बऱ्याच जणी विचारतात. ते इन्फेक्शन बहुधा कॅन्डिडामुळे होतं, तो जीव वेगळा. फ्लेक्समधलं सॅकरोमायसिस तर मेलेलं असतं, ते वाढूच शकत नाही. तुमचा त्रास वारंवार होतोय तर साखर तपासून घ्या, अँटिबायोटिक किती वेळा झालंय ते बघा. तिथे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

हां, क्रोन्स हा आतड्याचा आजार असलेल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात सॅकरोमायसिसविरुद्ध अँटिबॉडी सापडतात. त्यांनी यीस्टची सप्लिमेंट डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

खोडकर_खार

मेलेलं यीस्ट, फसलेलं यीस्ट, धुतलेलं यीस्ट... बिचाऱ्याचं जिवंतपणी काही कौतुक आहे का नाही?

खलबत्ता

आहे की! खारूताई, सॅकरोमायसिस बुलार्डी. हे मात्र जिवंतच द्यायचं. आँरी बुलार्ड हे फ्रेंच शास्त्रज्ञ १९२०च्या सुमारास इंडोचायनात होते, तेव्हा तिथे कॉलऱ्याची साथ होती. काही लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात आणि त्यांना त्रास कमी होतो असं त्यांनी पाहिलं. त्या सालींवरून त्यांनी हे यीस्ट वेगळं केलं. आज ते प्रोबायोटिक म्हणून जगभर वापरतात. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवर त्याचा पुरावा बऱ्यापैकी चांगला आहे. जिवाणूंच्या प्रोबायोटिकपेक्षा याचा एक मोठा फायदा: अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, यीस्टला नाही, म्हणून दोन्ही एकाच वेळी चालतात. उलट बुरशीवरची फ्लुकोनाझोलसारखी गोळी सुरू असेल तर बुलार्डी घेणं म्हणजे पाण्यात पैसे.

मनमंजिरी

आणि इथे माझी कळकळीची विनंती. घरात कुणी अतिगंभीर आजारी असेल, केमोथेरपी चालू असेल, गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल, तर बुलार्डीचं पाकीट त्या व्यक्तीच्या आसपास उघडूसुद्धा नका. पूड हवेत उडते, हाताला लागते, नळीवाटे रक्तात जाते आणि रक्तात यीस्टचा संसर्ग होतो. त्यात रुग्ण दगावले आहेत. युरोपच्या औषध नियामकांनी २०१७मध्ये अशा रुग्णांसाठी ते वर्ज्य ठरवलं. "प्रोबायोटिक आहे, नुकसान काय होणार" म्हणून नातेवाईक परस्पर आणून देतात, म्हणून एवढं बजावून सांगते.

तर्ककर्कश

बीटा-ग्लुकानबद्दल मी लिहितो, कारण त्यात सरळसरळ दिशाभूल चालते. यीस्टच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान असतं, ओट्समध्येही असतं. पण दोन्हींत साखरेच्या कड्या वेगवेगळ्या पद्धतीने जोडलेल्या असतात. ओट्सचं पाण्यात विरघळून चिकट होतं, त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी होतं, आणि त्याला अमेरिका-युरोप दोन्हीकडे अधिकृत मान्यता आहे. यीस्टचं बहुतांशी विरघळत नाही, ते "प्रतिकारशक्ती"साठी विकतात. मी अशी बाटली हातात घेऊन वाचली आहे जिच्यावर यीस्टचं ग्लुकान होतं आणि दावा ओट्सचा! संताप येतो. लोक हृदयासाठी म्हणून घेतात हो.

पाऊलखुणा

मग रेड यीस्ट राइस? आमचे एक स्नेही कोलेस्टेरॉलसाठी घेतात. "नैसर्गिक आहे, स्टॅटिनसारखे (म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांसारखे) दुष्परिणाम नाहीत" म्हणतात.

खलबत्ता

पाऊलखुणा, त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

एक तर ते यीस्ट नाहीच. मोनॅस्कस नावाची बुरशी तांदळावर वाढवतात, तांदूळ लालभडक होतो. त्यात मोनॅकोलिन के असतं. अकिरा एंडो यांनी ते १९७९मध्ये वेगळं केलं. पुढे हाच रेणू लोव्हास्टॅटिन म्हणून औषध झाला, १९८७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे तुमचे स्नेही स्टॅटिनच घेताहेत, फक्त मात्रा माहीत नसलेलं. स्नायू दुखणं, यकृतावर ताण, औषधांची गल्लत, सगळं तेच. डॉक्टरांनी आधीच स्टॅटिन दिलेलं असेल तर दुहेरी डोस होतो. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अमेरिकेतले २८ ब्रँड पाहिले, तर मोनॅकोलिन केच्या प्रमाणात ६० पटींहून जास्त तफावत होती. दोन ब्रँडमध्ये ते सापडलंच नाही.

त्यातून काही मोनॅस्कस सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विष तयार करतात. युरोपने २०२२मध्ये दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी मोनॅकोलिन अशी मर्यादा घातली. जपानात २०२४मध्ये लाल तांदळाच्या सप्लिमेंटमुळे अनेकांची मूत्रपिंडं बिघडली, ते परत मागवावं लागलं. तिथे दुसऱ्याच एका बुरशीचा शिरकाव होऊन प्युबेरुलिक अॅसिड मिसळलं गेल्याचं आढळलं.

कोलेस्टेरॉल वाढलंय तर मोजलेली गोळी घ्या आणि यकृताची तपासणी करत राहा. या बाबतीत माझं मत अजिबात मवाळ नाही.

किशमिश

बाप रे. वाचनखूण साठवली.

सावनी_र

एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पण बाबांच्या गोळ्यांचं राहिलंच! युरिक अॅसिड आणि ब्रूअर्स यीस्ट?

वाफारा

वेगाने वाढणाऱ्या पेशीत आरएनए (प्रथिनं बनवायला लागणारं न्यूक्लिइक आम्ल) भरपूर लागतं. वाळलेल्या यीस्टच्या वजनाच्या ६ ते १२ टक्के आरएनए असतं. त्यातल्या प्युरिनपासून शरीरात युरिक अॅसिड बनतं. यीस्टला माणसाचं प्रथिनांचं मुख्य अन्न करता येईल का यावर पूर्वी बरंच काम झालं, तेव्हा हाच अडसर आला. त्या वेळी मोठ्यांसाठी अशा स्रोतांतून दिवसाला २ ग्रॅम आरएनएची मर्यादा सुचवली होती. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम यीस्ट घेतलं तर ०.९ ते १.८ ग्रॅम आरएनए पोटात जातं. हिशोब तुम्हीच करा.

निळावंती

पण मांसाहारी प्युरिन वाईट आणि शाकाहारी चालतात असं वाचलं होतं?

मनमंजिरी

२००४चा मोठा अभ्यास आहे, त्यात प्युरिनयुक्त भाज्यांचा आणि गाउटचा (युरिक अॅसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजाराचा) संबंध दिसला नाही, हे बरोबर. पण तो भाज्यांबद्दल आहे. यीस्टचं आरएनए थेट खायला देऊन प्रयोग झाले आहेत आणि त्यात युरिक अॅसिड वाढलेलं दिसलं आहे. भाजीची सवलत यीस्टला लावता येत नाही.

सावनी, बाबांना गाउट असेल तर ही बाटली बंदच. त्यांना बी-गटाची गरज असेल तर साधी बी-कॉम्प्लेक्सची गोळी आहे, तिच्यात प्युरिनचा प्रश्नच नाही. आणि त्यांची बाकीची औषधं कोणती? नैराश्यावरची जुनी एमएओ इनहिबिटर गटातली औषधं किंवा लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असेल तर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि ब्रूअर्स यीस्टमधल्या टायरामिन या घटकाने रक्तदाब एकाएकी धोकादायक चढू शकतो.

सावनी_र

ती औषधं नाहीत, पण गाउट आहे. बाटली बंद केली.

माझ्या डब्याचं लेबल आत्ता वाचलं. घटक: वाळवलेलं यीस्ट, नायासिन, पायरिडॉक्सिन, रायबोफ्लेविन, थायामिन, फॉलिक अॅसिड. बस्स. सायनोकोबालामिन नाही!

खलबत्ता

म्हणजे मंजिरीताईंनी सांगितला तोच धोका: फोलेट दुप्पट, बी-१२ शून्य. आजच वेगळी बी-१२ची गोळी सुरू करा. एका वेळी शरीर जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम नीट शोषतं, पुढचं अगदी थोडं. म्हणून ब्रिटनमधली वीगन सोसायटी रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम असं सांगते. फ्लेक्स चवीसाठी आणि प्रथिनांसाठी खुशाल खा. १५ ग्रॅममध्ये सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात, ते चांगलंच आहे.

मनमंजिरी

गोळी सुरू करण्याआधी रक्त देऊन या, सावनी. एकदा बी-१२ घ्यायला लागलात की रक्तातला आकडा लगेच चढतो आणि आधी किती खाली होतात ते कळत नाही. हाताला-पायाला मुंग्या येतात का?

सावनी_र

पायाला, अधूनमधून. बसून काम करते म्हणून असेल असं वाटत होतं.

मनमंजिरी

मग उद्या सकाळीच जा. बी-१२, होमोसिस्टीन आणि सीबीसी तिन्ही सांगा, आणि जवळच्या डॉक्टरांना मुंग्यांचं आवर्जून सांगा. कमी निघालं तर गोळीपेक्षा सुरुवातीला इंजेक्शन देतील. अहवाल आला की इथे टाका किंवा मला व्यक्तिगत निरोप करा.

अण्णा_लिहितात

पोरी, जाऊन ये आधी. धागा कुठे पळून जात नाही.